बीसी झालं, आता पुढं काय? अमेरिकेत हायस्कूलमध्येच कॅल्क्युलस संपवलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या लाइनीत उभी असताना कुणीतरी मला गाठतंच. "ताई, आमच्याकडे टेन्थलाच एपी कॅल्क्युलस बीसी झालं हो, आता अकरावी-बारावीला गणित काय घ्यायचं, शाळेत तर पुढं काही नाहीच." हातात पत्रावळ, मागून धक्के, त्यात मी काय सांगणार, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. आम्ही बे एरियात राहतो त्यामुळे कागदपत्रांचा भाग कॅलिफोर्नियाचा आहे, बाकीचं कुठंही चालेल. मी काही गणिताची प्राध्यापक नाही, पुण्यात इंजिनिअरिंग केलेली आई आहे, आणि मुलीच्या वेळी जे जे चुकले ते मुलाच्या वेळी सुधारलं, एवढाच माझा अधिकार.

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, कॉलेज बोर्ड नावाची संस्था त्याची परीक्षा घेते, आणि बीसी हा त्यातला कॅल्क्युलसचा वरचा कोर्स. आधी हे समजून घ्या की कॉलेज बोर्डाची ही एपी गणिताची गाडी बीसीच्या स्टेशनवर थांबते. त्याच्या पुढं एपी नाही. एपी स्टॅटिस्टिक्स आहे, चांगला विषय आहे, पण तो पुढचा नाही, बाजूचा आहे. म्हणजे इथून पुढं जे काही घ्याल ते कॉलेजचंच गणित, आणि शाळेचा काउन्सेलर बहुतेक वेळा "दॅट्स ग्रेट" म्हणून हसेल आणि गप्प बसेल, कारण त्याच्याकडे चारशे मुलं असतात आणि त्यात तुमच्यासारखी चार.

पायरी पहिली: फॉर्म भरायच्या आधी एक कोडं

मुलाला जेवताना सहज विचारा: कुठलीही विषम संख्या घे, तिचा वर्ग कर, ८ ने भाग, बाकी किती? ३ चा वर्ग ९, बाकी १. ५ चा २५, बाकी १. ७ चा ४९, परत १. आता गप्प बसा आणि बघा काय होतं ते.

काही मुलं "ओके, ऑल्वेज वन" म्हणून पोळी पुढं ओढतात. काही जण ११ आणि १३ करून बघतात. आणि एखादं मूल जेवण थांबवून "पण का?" म्हणतं, आणि अर्ध्या तासानं रुमालावर लिहून आणतं की विषम संख्येचा वर्ग म्हणजे दोन लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार गुणिले ४, अधिक १, आणि लागोपाठच्या दोघींपैकी एक सम असतेच, म्हणून ते ४ चे ८ होतात. तिन्ही मुलं हुशार आहेत, बीसीला तिघांनाही पाचपैकी ५ मिळू शकतात, पण तिघांची पुढची वाट वेगळी आहे. पहिल्याला मल्टिव्हेरिएबलमध्ये (म्हणजे अनेक चलांच्या कॅल्क्युलसमध्ये) मजा येईल, तिसऱ्याला तिथं कंटाळा येईल आणि नंबर थिअरी किंवा प्रूफवाला विषय दिलात तर रात्री झोपायला सांगावं लागेल. मधलं अजून ठरवतंय, त्याला वेळ द्या. आणि कोडं घातल्यावर तुम्ही स्वतः उत्तर सांगू नका, ही आपली जुनी खोड आहे.

पायरी दुसरी: बीसी खरंच पक्कं आहे ना

हे पटकन सांगते. बीसीची परीक्षा मे महिन्यात, ४५ पर्यायी प्रश्न आणि ६ लिहायचे, निकाल जुलैत. बरीच कॉलेजं ३ मार्कांवरही पुढच्या कोर्सला बसू देतात (आकडा त्या त्या कॉलेजच्या साइटवर बघा), पण ३ आला असेल तर माझं मत आहे की उन्हाळ्यात इनफिनिट सिरीज, पॅरामेट्रिक आणि पोलर परत करून घ्या. पुढचा कोर्स हे सगळं येतंय असं धरूनच सुरू होतो, कोणी मागं वळून बघत नाही.

पायरी तिसरी: विषय कुठला

इथं आपल्या लोकांचा एक ठरलेला डायलॉग असतो, "अगं हे तर आम्ही बारावीत केलं होतं." अर्धं खरं आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत मॅट्रिक्स, व्हेक्टर, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं होतं, आणि उरलेलं इंजिनिअरिंगच्या एम-वन, एम-टू, एम-थ्रीमध्ये आलं, ज्यात अर्ध्या वर्गाची केटी लागायची. पण आपण ते गणितं सोडवायच्या पद्धती म्हणून पाठ केलं होतं, क्रॅमर्स रूल लावा आणि उत्तर काढा. इथला चांगला कोर्स मुलाला विचारतो की हे असं का, आणि तिथं आपली बारावी फार कामाला येत नाही. माझी तरी आली नाही.

मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस हा सगळ्यात सरळ रस्ता. एका चलाऐवजी दोन-तीन चलं. सिंहगडाच्या उतारावर उभे आहात असं समजा. फक्त पूर्वेकडे एक पाऊल टाकलं तर उंची किती बदलते ते पार्शियल डेरिव्हेटिव्ह, आणि कुठल्या दिशेला सगळ्यात जास्त दम लागेल ते सांगतो तो ग्रेडियंट. पुढं डबल आणि ट्रिपल इंटिग्रल, लग्रांज मल्टिप्लायर, आणि शेवटी ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्सची थिअरम्स. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला हे लागणारच आहे. शेवटचे तीन आठवडे मात्र जड जातात, बीसी लीलया केलेल्या मुलांनाही, आणि नेमकी तेव्हाच शाळेची फायनल असते.

लिनियर अल्जिब्रा माझ्या मते सगळ्यात कामाचा विषय, एकच कोर्स घेणार असाल आणि कॉलेजची अट आड येत नसेल तर हा घ्या. मॅट्रिक्सची आकडेमोड पहिल्या दोन आठवड्यांत संपते, मग व्हेक्टर स्पेस, बेसिस, डायमेन्शन, आयगनव्हॅल्यू. गूगलनं सुरुवातीला वेब पेजेसना क्रम लावला तो एका अवाढव्य मॅट्रिक्सच्या आयगनव्हेक्टरवरून, हे सांगितल्यावर आमच्या लेकीनं पहिल्यांदा पुस्तक स्वतःहून उघडलं. मशीन लर्निंग म्हणून जे काही चाललंय त्याचा पाया हाच. अडचण एवढीच की काही कॉलेजांत याच्या आधी मल्टिव्हेरिएबल सक्तीचं असतं, काहींत दुसऱ्या सेमिस्टरपर्यंतचं कॅल्क्युलस पुरतं, म्हणून कॅटलॉगमध्ये प्रीरेक्विझिट, म्हणजे आधी काय झालेलं हवं ते, बघूनच स्वप्नं रंगवा.

डिफरन्शियल इक्वेशन्स नंतर घ्या, घाई नाही.

डिस्क्रीट मॅथ हा विषय आईबाबा नेहमी विसरतात, कारण नावात कॅल्क्युलस नाही त्यामुळे तो "खालचा" वाटतो. लॉजिक, इंडक्शन, मोजणी, ग्राफ थिअरी. याला आकडेमोड फार लागत नाही, विचार लागतो. एक नमुना देते: हळदीकुंकवाला कितीही बायका जमल्या तरी त्यात निदान दोघी अशा निघणारच की जमलेल्यांपैकी जितक्या बायका एकीच्या ओळखीच्या, तितक्याच दुसरीच्याही (ओळख दोन्हीकडून धरायची). वाण कुणी काय दिलं याच्याशी संबंध नाही. हे का, ते मुलाला शोधू दे (हिंट: सगळ्यांना ओळखणारी आणि कुणालाच न ओळखणारी एकाच खोलीत असू शकत नाहीत). कॉम्प्युटर सायन्सला जाणार असेल तर हा विषय मल्टिव्हेरिएबलच्या आधी घेतला तरी बिघडत नाही.

याच्या पुढं रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा. ते कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) सहसा मिळत नाही, चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत किंवा ऑनलाइन शोधावं लागतं. ज्या मुलानं आयुष्यात कधी प्रूफ लिहिलं नाही त्याला थेट अ‍ॅनालिसिसमध्ये टाकू नका, पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलायची पद्धत गावाकडे ठीक होती.

पायरी चौथी: कुठं करायचं

पहिलं शाळेतच विचारा. नॉर्दर्न व्हर्जिनियात वगैरे काही पब्लिक हायस्कूलांत मल्टिव्हेरिएबल शिकवतात. जॉर्जियात जॉर्जिया टेक हायस्कूलच्या मुलांना लिनियर अल्जिब्रा आणि मल्टिव्हेरिएबल दुरून शिकवतं. वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्ट आहे, अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात ट्यूशन न भरता शिकतात. मिनेसोटात तर अशी सोय १९८५ पासून आहे. प्रत्येक राज्याचं नाव वेगळं, गूगलवर राज्याचं नाव आणि "ड्युअल एन्रोलमेंट" (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स) टाका.

ऑनलाइनमध्ये स्टॅनफर्ड ऑनलाइन हायस्कूल आहे, तिथं पूर्ण वेळ न जाता एखादा कोर्सही घेता येतो, पण प्रवेशाचा अर्ज असतो आणि फी चांगलीच लागते. जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या सीटीवायचेही (सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ) कोर्स आहेत.

आणि फुकटात करायचं असेल तर एमआयटीचं ओपनकोर्सवेअर. गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लिनियर अल्जिब्राची लेक्चर्स बघा, खडू आणि फळा, बाकी काही नाही, आणि तरी मूल खिळून बसतं. खान अकॅडमीवर मल्टिव्हेरिएबल ग्रँट सँडरसननं शिकवलंय, चित्रं डोळ्यांसमोर उभी राहतात. क्रेडिट मिळत नाही, मान्य. पण आधी चार आठवडे हे बघून मग कॉलेजला नाव घातलं तर निदान कळतं की आवडतंय की नाही. फक्त एक अट घाला, बघणं म्हणजे करणं नाही, तिथले प्रॉब्लेम सेट आणि जुन्या परीक्षा घड्याळ लावून सोडवायच्या.

पायरी पाचवी: कम्युनिटी कॉलेजचा कागदी घोळ

आता खरं काम. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलाला कम्युनिटी कॉलेजात "स्पेशल अ‍ॅडमिट" म्हणून घेतात, टर्मला साधारण ११ युनिटपर्यंत (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप). युनिटमागची ४६ डॉलरची फी बहुतेक कॉलेजं अशा मुलांना माफ करतात, किरकोळ फी, पार्किंग आणि पुस्तकं आपल्या गळ्यात.

सुरुवात सीसीसीअप्लायवर, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या साइटवर, अर्ज करण्यापासून. हा अर्ज मुलानं स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून भरायचा, शाळेच्या ईमेलवरून नको, कारण शाळेची सिस्टीम बाहेरचे मेल अडवते आणि मग स्टुडंट आयडी कुठं गेला म्हणून आठवडाभर शोधत बसा. व्हिसाच्या रकान्याकडे नीट लक्ष द्या. आमच्या ओळखीत एच-फोरवरच्या (आईबाबांच्या एच-वन व्हिसावर आलेल्या) मुलाला कॉम्प्युटरनं आपोआप नॉन-रेसिडेंट ठरवलं आणि शेकड्यांत बिल आलं, मग लीज, टॅक्सचे कागद घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसच्या खेपा घालाव्या लागल्या. अर्ज भरल्या भरल्या लगेच ऑफिसला विचारून घ्या.

मग परवानगीचा फॉर्म, त्यावर पालकांची आणि शाळेची सही, आणि बहुतेक ठिकाणी तो दर टर्मला नव्यानं लागतो. उन्हाळ्यात काउन्सेलर सुट्टीवर असतो. परत सांगते, काउन्सेलर सुट्टीवर असतो, सही मेमध्येच घेऊन ठेवा.

मग प्रीरेक्विझिट क्लिअर करणं, म्हणजे बीसीचा स्कोअर कॉलेजला देणं. इथं तारखांची गंमत आहे. स्कोअर येतो जुलैत, सेमिस्टरवाल्या कॉलेजांचा फॉल ऑगस्टमध्ये सुरू होतो, मध्ये मोजून काही आठवडे, त्यात स्कोअर पाठवा, कुणीतरी तो बघणार, मग नाव नोंदवू देणार. क्वार्टरवाली कॉलेजं, डी अँझा आणि फूटहिलसारखी, सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात, तिथं श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण क्वार्टर बारा आठवड्यांच्या आत संपतो, वेग जास्त, आणि तिथं कॅल्क्युलसची वाटणी वेगळी असते, सिरीज आणि व्हेक्टर एका कोर्समध्ये, इंटिग्रल पुढच्यात, असं. तेव्हा बीसीवाल्या मुलानं नेमकं कुठल्या कोर्सला बसायचं हे कॉलेजच्या मॅथ डिपार्टमेंटला विचारा, शेजारच्या काकूंना नको, मलाही नको.

नाव नोंदवायला हायस्कूलच्या मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. संध्याकाळचा आणि ऑनलाइनचा वर्ग तोवर भरलेला असतो. वेटलिस्टवर जायचं आणि घाबरायचं नाही, पहिल्या दोन आठवड्यांत बरीच मुलं गळतात. मात्र पहिल्या दिवशी हजर राहायचंच. आमच्या लेकीच्या पहिल्या टर्मला शाळेचा बँडचा कार्यक्रम होता म्हणून ती पहिला क्लास चुकली, एकच क्लास, आणि संध्याकाळी बघते तर नाव कापलेलं. पहिल्या दिवशी न आलेल्याला काढून वेटलिस्टवरच्याला घ्यायची मास्तरांना मुभा असते. मी तावातावानं त्या प्राध्यापकांना मेल लिहिला. उत्तर आलं दोन ओळींचं, अगदी सभ्य, की विद्यार्थिनीबद्दल पालकांशी बोलता येणार नाही.

आणि ते बरोबर होतं. फर्पा नावाचा फेडरल कायदा आहे, त्यात मूल कॉलेजच्या वर्गात बसलं की वय पंधरा असो नाहीतर पंचवीस, त्याच्या रेकॉर्डचे हक्क त्याचे होतात. आपल्याला मार्क दिसत नाहीत, पेरेंट पोर्टल नाही, ओपन हाउस नाही. इकडं शाळेचं प्रत्येक क्विझ फोनवर बघायची सवय लागलेल्या आपल्याला हे फार टोचतं. पण म्हणूनच सांगते, पहिल्या फॉर्मपासून मुलालाच करू दे, तुम्ही शेजारी बसून चहा प्या. ज्या मुलाला प्राध्यापकाला स्वतः मेल लिहायला जमत नाही ते अजून या कोर्सला तयार नाही, मग बीसीत कितीही मार्क असोत.

पायरी सहावी: टर्म सुरू झाल्यावर

कॉलेजचा ढोबळ हिशोब असा की आठवड्याला प्रत्येक युनिटमागे एक तास वर्गात आणि दोन तास घरी. पाच युनिटचा कोर्स म्हणजे पाच अधिक दहा, पंधरा तास. हे शाळेच्या सहा विषयांवर, त्यात तबला, सॉकर, शनिवारची मराठी शाळा. कुठून काढणार ते आधीच कागदावर मांडा. बारावीच्या फॉलला कॉलेजचे अर्ज आणि निबंध असतात, यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज नोव्हेंबरअखेर, तेव्हा जड कोर्स जमला तर अकरावीतच घ्या.

दोन तारखा फ्रिजवर चिकटवा: मागमूस न राहता कोर्स सोडायची शेवटची तारीख, आणि "डब्ल्यू" (विथड्रॉ केल्याचा ट्रान्सक्रिप्टवरचा शेरा) घेऊन सोडायची शेवटची तारीख. पहिली मिडटर्म बहुतेक या दोन्हींच्या मध्ये येते. त्यात गटांगळ्या खाल्ल्या तर बसून बोला, एका डब्ल्यूनं आकाश कोसळत नाही, पण इथले ग्रेड कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर जातात आणि पुढं प्रत्येक अर्जात ते दाखवावे लागतात, लपवता येत नाहीत. ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापक शंका विचारायला वेळ देतात तेव्हा, जायला लावा. आपली मुलं जात नाहीत, "मला येत नाही असं वाटेल" म्हणून. आमचा लेक सहाव्या आठवड्यात पहिल्यांदा गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, तिथं सगळी हुशार मुलंच बसली होती.

बाजूची वाट, जी मला जास्त आवडते

पहिल्या पायरीतलं तिसरं मूल आठवतंय? त्याला पुढं ढकलण्यापेक्षा आत जाऊ दे. एएमसी १२ ही हायस्कूलच्या मुलांची गणिताची स्पर्धा, २५ प्रश्न ७५ मिनिटांत, आणि त्यात कॅल्क्युलस अजिबात लागत नाही, तरी बीसीला ५ मिळवलेली मुलं तिथं आपटतात. त्यातून पुढं गेलं की एआयएमई, १५ प्रश्नांना तीन तास. स्पर्धा आवडत नसेल तर मॅथ सर्कल, म्हणजे मुलं एकत्र बसून गणितं सोडवतात तो गट, शोधा, बर्कलीचं आहे, सॅन होजेचं आहे.

उन्हाळ्याचे कॅम्प तर वेगळंच प्रकरण. रॉस १९५७ पासून चालू आहे, बॉस्टन युनिव्हर्सिटीतलं प्रॉमिस १९८९ पासून, शिवाय मॅथकॅम्प. रॉस आणि प्रॉमिसमध्ये सहा आठवडे मुख्यतः नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांक, भागाकार, बाकी, पाचवीतलं सामान, आणि त्यातून मुलं स्वतः सिद्धांत शोधून काढतात. अर्जात काही गणितं देतात, ती आठवडेच्या आठवडे घेऊन बसायची, अर्धवट विचारही नीट लिहून पाठवायचे. ती गणितं क्लासवाल्याकडून सोडवून घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं आणि मूल तिथं एकटं असतं. फी काही हजार डॉलर, पण फायनान्शियल एड मागता येते, लाजू नका.

घरी चव बघायची असेल तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांचा ६१७४ द्या. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढता वजा करा, परत तेच. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथंच अडकतं. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. आमच्याकडे हे आजोबांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि लेकानं पाच अंकी आकड्यांचं काय होतं ते बघायला प्रोग्राम लिहिला, मी सांगून त्यानं तो कधी लिहिला नसता.

क्रेडिटचं शेवटचं

यूसी आणि कॅल स्टेटला कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कोर्सच्या जागी चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर दिसतं, नाव नोंदवायच्या आधी बघा. यूसीच्या जीपीएत असा ट्रान्सफर होणारा कोर्स ऑनर्ससारखा जास्तीचा पॉइंट देतो, आणि एक सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या गणिताइतका धरतात. खासगी युनिव्हर्सिट्यांचं मात्र प्रत्येकीचं वेगळं. बऱ्याच जणी क्रेडिट न देता प्लेसमेंट परीक्षा घेतात, पास झालात तर पुढच्या वर्गात बसा. काही जणी सिलॅबस मागतात. म्हणून कोर्स चालू असतानाच सिलॅबसची पीडीएफ, पुस्तकाची अनुक्रमणिका आणि तपासलेल्या परीक्षा एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा, टर्म संपली की कॉलेज ते पान बंद करतं आणि दोन वर्षांनी तो सिलॅबस मागायला मेल पाठवायचा झाला तर तोही मुलानंच पाठवायचा असतो.